विश्लेषण : यंत्राने धोक्याचा इशारा नेमका कधी द्यायचा? हेलिकॉप्टरपासून रांजणगाव-कुरकुंभपर्यंत अलार्मची मर्यादा कशी ठरते?

पावसाळ्यात भीमेच्या खोऱ्यातील धरणांतून पाणी सुटले की ‘दौंडचा विसर्ग किती?’ हा प्रश्न उजनीपर्यंत विचारला जातो. शिरूरकरांची नजर तेव्हा घोड नदीवर असते. नदीच्या पाण्याला जशी ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ असते, तशीच ती यंत्रांनाही असते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींतील मोटर-पंप असोत, साखर कारखान्याचे टर्बाइन असो किंवा समुद्रावरून उडणारे हेलिकॉप्टर, कंपन आणि तापमान मोजून बिघाड आधीच ओळखण्याचा प्रयत्न सगळीकडे सुरू आहे. सेन्सर स्वस्त झाल्याने मोजणे सोपे झाले. पण किती आकड्याला अलार्म वाजवायचा, हे ठरवणे आजही अवघड आहे. ही रेष चुकली तर काय होते, याचे सर्वांत कठोर धडे हवाई क्षेत्राने घेतले आहेत.

यंत्राची ‘तब्येत’ कशी मोजतात?

फिरणारे प्रत्येक यंत्र थोडेफार थरथरते. बेअरिंगला ओरखडा पडला, गिअरचा दात झिजला, शाफ्ट वाकडा झाला किंवा फाउंडेशनचा बोल्ट ढिला झाला की ही थरथर बदलते. यंत्रावर बसवलेला सेन्सर हे कंपन मोजतो. बेअरिंगचे तापमान, तेलाचा दाब आणि तेलात सापडणारे धातूचे कण यांचीही नोंद ठेवली जाते. या सगळ्याला ‘कंडिशन मॉनिटरिंग’ म्हणतात.

पूर्वी दोनच पद्धती होत्या. यंत्र बंद पडले की दुरुस्त करायचे किंवा ठरावीक तास चालले की भाग बदलायचा. पहिल्या पद्धतीत उत्पादन थांबते, दुसऱ्या पद्धतीत चांगला भागही फेकला जातो. तिसरी पद्धत म्हणजे यंत्राच्या नोंदी पाहून, गरज असेल तेव्हाच हात लावणे. त्यासाठी ‘गरज आहे’ हे सांगणारी रेष लागते. ती रेष म्हणजे अलार्मची मर्यादा.

बहुतेक ठिकाणी अशा दोन रेषा असतात. पहिली ओलांडली की लक्ष द्या, तपासणीचे नियोजन करा, असा अर्थ होतो. दुसरी ओलांडली की यंत्र थांबवा. कारखान्यात पहिलीला ‘अलार्म’ आणि दुसरीला ‘ट्रिप’ म्हणतात.

एकच आकडा सगळ्यांना का चालत नाही?

घोड नदीची इशारा पातळी दौंडच्या भीमेला लावून चालत नाही. पात्र वेगळे, काठ वेगळा, वस्ती वेगळी. यंत्रांचेही तसेच आहे.

कारखान्यातील यंत्रांच्या कंपनासाठी ‘आयएसओ २०८१६’ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. तिच्या आधी ‘आयएसओ १०८१६’ वापरली जात असे. १५ ते ३०० किलोवॉटच्या, भक्कम पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी तिने ढोबळ पट्टे दिले आहेत. कंपनाचा वेग १.४ मिलिमीटर प्रति सेकंदापर्यंत असेल तर यंत्र नव्यासारखे, २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवण्यास योग्य, २.८ ते ४.५ पर्यंत काही काळच चालवावे असे आणि ४.५ च्या पुढे नुकसान होण्याइतके गंभीर.

पण याच मानकात आणखी एक सूचना आहे आणि ती अनेकदा वाचलीच जात नाही. अलार्मची मर्यादा त्या यंत्राच्या नेहमीच्या कंपनापासून मोजावी, असे ते सांगते. नेहमीच्या आकड्यात दुसऱ्या पट्ट्याच्या वरच्या सीमेचे, म्हणजे २.८ चे, २५ टक्के मिळवायचे.

उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यात ७५ किलोवॉटच्या दोन सारख्याच मोटर आहेत. पहिलीचे नेहमीचे कंपन १.५ आहे, दुसरीचे २.४. दोन्ही मोटर ठीक आहेत. २.८ चे २५ टक्के म्हणजे ०.७. त्यामुळे पहिलीचा अलार्म २.२ ला आणि दुसरीचा ३.१ ला लागेल. आता दोन्हींना सरसकट २.८ लावून पाहा. पहिलीचे कंपन जवळपास दुप्पट होईपर्यंत कोणाला काही कळणार नाही. दुसरीचा अलार्म मात्र थोडा लोड वाढला तरी वाजेल आणि चार दिवसांत ऑपरेटर त्याकडे दुर्लक्ष करू लागेल. आकडा एकच, पण एका यंत्राला तो आंधळा करतो आणि दुसऱ्याला बडबड्या.

हवाई क्षेत्रात हे कोठून आले?

६ नोव्हेंबर १९८६ रोजी तेल क्षेत्रातील कामगारांना घेऊन येणारे चिनूक हेलिकॉप्टर स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरील समबर्गजवळ समुद्रात कोसळले. ४५ जणांचा मृत्यू झाला, दोघे वाचले. पुढच्या रोटरच्या ट्रान्समिशनमधील गिअरचा बिघाड या अपघाताच्या मुळाशी होता. विमानाचे एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर उतरता येते. हेलिकॉप्टरचा मुख्य गिअरबॉक्स मात्र एकच असतो. तो तुटला की वैमानिकाच्या हातात फारसे काही उरत नाही.

त्यानंतर उत्तर समुद्रातील हेलिकॉप्टरमध्ये ‘हेल्थ अँड यूसेज मॉनिटरिंग सिस्टिम’ म्हणजे ‘हम्स’ आली. १९९१ पासून ती प्रत्यक्ष वापरात आहे आणि १९९९ मध्ये ब्रिटनने मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरसाठी ती बंधनकारक केली. गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग आणि रोटरवरील सेन्सर उड्डाणात कंपन नोंदवतात. हेलिकॉप्टर उतरले की या नोंदी जमिनीवरच्या संगणकात घेतल्या जातात. म्हणजे यातील बहुतेक इशारे वैमानिकाला दिसत नाहीत. ते देखभाल अभियंत्याला, पुढच्या उड्डाणाआधी पाहावे लागतात.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या ‘मुंबई हाय’ तेल क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची ने-आण जुहूहून हेलिकॉप्टरने होते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवन हंसचे सुरुवातीपासूनचे मुख्य काम तेच होते. खाली समुद्र आणि वर एकच मुख्य गिअरबॉक्स, ही स्थिती तेथेही आहे.

मर्यादा खालीच ठेवली तर जास्त सुरक्षित नाही का?

पहिल्या नजरेत तसे वाटते. पण हिशेब करून पाहू.

सर्वसाधारण पद्धत अशी असते की, यंत्र निरोगी असतानाची बरीच रीडिंग घ्यायची. त्यांची सरासरी काढायची आणि रीडिंग साधारण किती वर-खाली होतात ते मोजायचे. या चढउताराच्या मापाला ‘प्रमाण विचलन’ म्हणतात. सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलन एवढ्या अंतरावर अलार्मची रेष आखायची. आकडे नेहमीच्या घंटाकृती आलेखात बसत असतील, तर निरोगी यंत्राचे एखादे रीडिंग केवळ योगायोगाने ही रेष ओलांडण्याची शक्यता साधारण ७४० मध्ये एक असते. ऐकायला ती नगण्य वाटते.

आता समजा, एका हेलिकॉप्टरवर असे २०० निर्देशांक प्रत्येक उड्डाणात तपासले जातात. मग दर चार उड्डाणांमागे सुमारे एक खोटा अलार्म येणार. कंपनीकडे १० हेलिकॉप्टर असतील आणि प्रत्येकाची दिवसाला चार उड्डाणे असतील, तर रोज १० ते ११ खोटे अलार्म. प्रत्येकासाठी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायचे, तपासायचे, नोंद करायची. शिवाय विनाकारण उघडझाप केल्याने नवे दोष शिरण्याचाही धोका असतो.

रेष चार प्रमाण विचलनांवर नेली, तर खोटा अलार्म दीडशेहून अधिक उड्डाणांमागे एक, म्हणजे त्याच ताफ्यात चार दिवसांतून एकदा येईल. पण त्याची किंमत आहे. खरा बिघाड सुरू झाल्यावर तो या उंच रेषेपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेईल. तो वेळ आपल्याकडे आहे का, यावर सगळे अवलंबून आहे. बेअरिंग काही आठवडे झिजत जाणार असेल तर उंच रेष चालते. तडा काही तासांत वाढणार असेल तर चालत नाही.

म्हणून मर्यादा ठरवणे म्हणजे दोन चुकांपैकी कोणती चूक किती परवडते हे ठरवणे. खोटा अलार्म आणि हुकलेला अलार्म, दोन्ही एकाच वेळी शून्य करता येत नाहीत.

बिघाड असूनही अलार्म वाजला नाही, असे झाले आहे का?

झाले आहे. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ सुपर प्यूमा प्रकारचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि सर्व १६ जणांचा मृत्यू झाला. मुख्य गिअरबॉक्समधील दुसऱ्या टप्प्याचा ‘प्लॅनेट गिअर’ तुटला होता. अपघाताच्या आठवडाभर आधी गिअरबॉक्सच्या चुंबकीय डिटेक्टरवर धातूचा कण सापडला होता. तो कशाचा आहे याबाबत गैरसमज झाला आणि आतवर तपासणी झाली नाही. त्यानंतर कंपनाच्या नोंदींवर बारीक नजर ठेवली गेली, पण त्यांतून येऊ घातलेल्या बिघाडाची खूण मिळाली नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील तुरोय येथे त्याच कुळातील एच २२५ हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच वेगळा झाला. १३ जणांचा मृत्यू झाला. येथेही दुसऱ्या टप्प्याच्या प्लॅनेट गिअरला तडा गेला होता आणि तो वाढत असताना एकाही देखरेख यंत्रणेने इशारा दिला नाही.

कारण काय? प्लॅनेट गिअर स्वतःभोवती फिरतात आणि त्याच वेळी मधल्या गिअरभोवतीही फिरतात. सेन्सर मात्र बाहेर, गिअरबॉक्सच्या आवरणावर असतो. तडा गेलेला भाग कधी सेन्सरजवळ, तर कधी दूर असतो. त्याची क्षीण खूण बाकीच्या गिअरच्या गोंगाटात बुडते. अशा ठिकाणी अलार्मची रेष कितीही खाली आणली तरी उपयोग नसतो. खूण सेन्सरपर्यंत पोहोचतच नसेल, तर रेषेचा दोष नसतो. तो भाग वेगळ्या मार्गाने, म्हणजे तेलातील कण, ठरावीक तासांनंतर भाग बदलणे किंवा नवे डिझाइन, यांतूनच सांभाळावा लागतो. ‘अलार्म वाजला नाही’ म्हणजे ‘यंत्र ठीक आहे’ असे नसते, हा या दोन अपघातांचा धडा आहे.

आणि अलार्म वाजूनही दुर्लक्ष झाले तर?

२८ डिसेंबर २०१६ रोजी उत्तर समुद्रातील वेस्ट फ्रँकलिन या तेल फलाटावर उतरताना सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टर अचानक स्वतःभोवती फिरले. त्याची चाके डेकवर घासत गेली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. शेपटीच्या रोटरच्या पात्यांचा कोन नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेतील बेअरिंग निकामी झाले होते.

ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाला चौकशीत आढळले की, बेअरिंग खराब होत असल्याचे ‘हम्स’ने आधीच टिपले होते. रेष ओलांडली गेली होती. पण नेहमीच्या देखभालीत नोंदी पाहताना ती बाब नजरेतून सुटली. तपास अहवालाने याचे खापर केवळ माणसावर फोडले नाही. मानवी क्षमतेच्या मर्यादांबरोबरच जमिनीवरच्या संगणकाच्या पडद्याची मांडणीही कारणीभूत असल्याचे त्याने नमूद केले.

म्हणजे सेन्सर ठीक होता आणि मर्यादाही योग्य होती. तरी साखळी शेवटच्या कडीत तुटली. महत्त्वाचा इशारा इतर आकड्यांच्या गर्दीत हरवू नये, हीसुद्धा मर्यादा ठरवण्याच्याच कामाची बाजू आहे.

मग मर्यादा ठरवायची कशी?

हवाई क्षेत्रात आणि मोठ्या उद्योगांत आता काही गोष्टी रुळल्या आहेत.

एक, रेष एकदाच ओलांडली म्हणून लगेच धावायचे नाही. लागोपाठच्या रीडिंगमध्ये ती पुन्हा ओलांडली जाते का हे पाहायचे. योगायोगाने ७४० मध्ये एकदा होणारी गोष्ट लागोपाठ दोनदा घडण्याची शक्यता साडेपाच लाखांत एक एवढी कमी होते. मात्र ही सवलत पहिल्या पातळीसाठीच आहे. दुसरी पातळी ओलांडली तर थांबून तपासणी करायची. शिवाय सेन्सरची वायर ढिली असेल तर खोटे रीडिंगही सलग येत राहते, त्यामुळे आधी सेन्सर तपासायचा.

दोन, केवळ उंची न पाहता चढणही पाहायची. १.५ वर महिनोन् महिने स्थिर असलेले रीडिंग आठवडाभरात १.७, १.९, २.० असे चढत असेल, तर रेष ओलांडायच्या आधीच कारण शोधायला हवे. पूर आलेल्या नदीतही पाणी किती आहे याइतकेच ते तासाला किती चढते आहे हे महत्त्वाचे असते.

तीन, तुलना सारख्याशी करायची. रेल्वेत चाकांचे अॅक्सल बॉक्स गरम झाले आहेत का, हे तपासले जाते. मे महिन्यातील दुपारी दौंड जंक्शनवर आलेल्या मालगाडीचे आणि जानेवारीतील पहाटे आलेल्या गाडीचे तापमान सारखे कसे असेल? पण एकाच गाडीतील शेजारचे बॉक्स गार आणि एकच गरम असेल, तर बिघाड तेथेच आहे. हेलिकॉप्टरच्या ताफ्यातही एकाच बनावटीच्या गिअरबॉक्सची अशीच आपसात तुलना केली जाते.

चार, मोठी दुरुस्ती झाली की नेहमीचा आकडा नव्याने शिकायचा. गिअरबॉक्स बदलल्यावर जुन्या गिअरबॉक्सची रेष लागू राहिली, तर ती एक तर सतत ओरडेल किंवा गप्प बसेल. पण ‘नव्याने शिकण्या’तही सापळा आहे. नवा भाग पहिल्या दिवसापासूनच सदोष असेल, तर यंत्रणा त्या दोषालाच ‘नेहमीचे’ समजते. म्हणून नवा आकडा मानकाच्या पट्ट्याशी ताडून घ्यावा लागतो.

रांजणगाव-कुरकुंभला यातून काय घेता येईल?

कुरकुंभमध्ये रासायनिक, तर रांजणगावात वाहन आणि घरगुती उपकरणांचे उद्योग आहेत. दोन्ही तालुक्यांत उसाचा पट्टा आहे. रासायनिक कारखान्यात पंपाचे बेअरिंग जाणे म्हणजे केवळ उत्पादन थांबणे नव्हे. सील फुटून गळती झाली तर धोका माणसांना असतो. साखर कारखान्यात गळीत हंगाम ऐन भरात असताना टर्बाइन थांबले, तर गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि तोडलेल्या उसाचे वजन घटत जाते. तेथे ट्रिपची रेष फार खाली असेल तर ती ‘बायपास’ करण्याचा मोह होतो. बायपास केलेली रेष म्हणजे रेष नसणेच.

मर्यादा ठरवताना काही साधे प्रश्न विचारता येतात. हा आकडा कोठून आला, यंत्राच्या स्वतःच्या नोंदींतून की सेन्सर बसवणाऱ्याने आधीच भरून दिलेला? नोंदी घेतल्या तेव्हा यंत्र पूर्ण लोडवर होते का? ऑफ सीझनच्या दुरुस्तीनंतर आकडा नव्याने ठरवला का? गेल्या महिन्यात किती अलार्म वाजले आणि त्यांपैकी किती खरे निघाले? मर्यादा कोणी, कधी आणि का बदलली, याची लेखी नोंद आहे का? रात्रपाळीत अलार्म वाजला तर यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आकडा योग्य असला आणि अलार्म वाजला, तरी रात्री दोन वाजता ऑपरेटरला साहेबांना उठवायची भीती वाटत असेल, तर सेन्सरवरचा खर्च वाया जातो. धोका पातळी ओलांडली की नदीकाठची वस्ती हलवायचीच, हे आधी ठरलेले असते, ऐन वेळी चर्चा होत नाही. यंत्राच्या बाबतीतही अलार्मची मर्यादा लिहिताना तिच्यासमोर कोणी काय करायचे, हे त्याच वेळी लिहून ठेवावे लागते.